मान फिरवली, पण दिसलं काय?

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेला प्रत्येक जण प्रशिक्षक होतो. ‘दे की!’, ‘मागं बघ!’, ‘डावीकडं मोकळा हाय!’ वरून सगळ्यांना सगळं दिसत असतं. खाली मैदानात, पाठीवर एक जण चढून आलेला असताना, तेच अर्ध्या सेकंदात ज्याला दिसतं त्याला खेळ कळतो, असं आपण म्हणतो. ही समज येते कुठून? ती शिकवता येते का? आणि दहा-बारा वर्षांच्या मुलात ती ओळखायची कशी? यावर दोन टोकांची मतं कायम ऐकू येतात. एक तालमीच्या कट्ट्यावरचं, दुसरं क्रीडाशास्त्राच्या वर्गातलं. इथे ती एका मामाच्या आणि त्याच्या भाचीच्या तोंडी घातली आहेत. दोघंही कल्पित आहेत. मामा मंगळवार पेठेतले, एकेकाळी तालमीच्या संघाचे मिडफिल्डर, आता पेठेतल्या १३ वर्षांखालच्या मुलांना शिकवतात. भाची पुण्याच्या एका अकादमीत प्रशिक्षक आहे. क्रीडाशास्त्राची पदवी आणि प्रशिक्षकाचं ‘डी’ लायसन्स तिच्याकडे आहे. मामांना दुसऱ्या दिवशी पेठेच्या संघासाठी मुलं निवडायची आहेत. वाद तिथूनच पेटला.

देवानं दिली की मैदानानं?

भाची : मामा, सकाळी तुमच्या पोरांचा सराव बघितला. शंकूंच्या मधून बॉल काढायचा, पुढच्याला पास द्यायचा आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. पाऊण तास हेच चाललं होतं.

मामा : मग? टच कसा सुधारलाय बघितलास न्हवं? गेल्या वर्षी ह्याच पोरांच्या पायाला बॉल लागला की चार हात लांब जात हुता.

भाची : टच सुधारलाय, कबूल. पण एकाही पोरानं मान वर केली नाही. करायची गरजच नव्हती. पास कुणाला द्यायचा ते आधीच ठरलेलं, अंगावर कुणी येणार नाही आणि शंकू काही जागा सोडत नाहीत.

मामा : पाय घडवायचं काम माझं. नजर घडवता येत न्हाई, ती घेऊनच पोरगं जन्माला येतं. माझ्यासंगं एक जण खेळायचा. पळायला मंद, हेडिंगच्या नावानं बोंब. पण बॉल त्याच्याकडं गेला की पुढचा पास कुठनं कुठं जाणार ते आम्हालाबी कळायचं न्हाई. त्याला कुणी शिकवलं? कुणीच न्हाई.

भाची : कुणी शिकवलं नाही म्हणजे तो शिकला नाही, असं कसं? लहानपणी खेळायचा कुठं?

मामा : गल्लीत. मोठा झाल्यावर गांधी मैदानावर. तिथं एका टायमाला तीन-चार मॅची चालायच्या, एकीत एक घुसलेल्या. मधीच कुणाचा तरी क्रिकेटचा डाव. आपला बॉल कुठला, आपला माणूस कुठला, मागनं दुसऱ्यांचा बॉल डोक्यात बसतोय काय, हे सगळं बघतच खेळायचं. एका रंगाचे शर्ट असायचा प्रश्नच न्हाई.

भाची : मग नजर देवानं दिली की गांधी मैदानानं?

मामा : मैदान आम्हा सगळ्यांनाच हुतं की. त्याच्यागत एकच निघाला.

भाची : हा प्रश्न रास्त आहे. इंग्लंडमध्ये पॉल वॉर्ड आणि मार्क विल्यम्स यांनी ९ ते १७ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचा अभ्यास करून तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. एक गट वरच्या दर्जाच्या मुलांचा, दुसरा साधारण खेळणाऱ्यांचा. आधी डोळे तपासले. किती बारीक दिसतं, कडेचं किती दिसतं, अंतर किती कळतं. त्यात दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरकच निघाला नाही. मग खेळाच्या चित्रफिती दाखवल्या. आता पुढे काय होईल, पास कुणाकडे जायची शक्यता जास्त, हे ओळखण्यात मात्र चांगली मुलं नवव्या वर्षापासूनच पुढे होती.

मामा : नवव्या वर्षापासनं! मग माझंच खरं झालं की.

भाची : नऊ वर्षांचं पोरगं तोवर तीन-चार वर्षं खेळून आलेलं असतं. आणि डोळे दोघांचे सारखेच निघाले, हे विसरू नका. बुद्धिबळाचंही तसंच आहे. चेस आणि सायमन यांचा १९७३ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडू बहुतेक सोंगट्या जागच्या जागी मांडून दाखवतो. त्याच सोंगट्या कशाही विखुरल्या की त्याची स्मरणशक्ती जवळपास नवशिक्याइतकीच. हजारो डाव बघून त्याच्या डोक्यात ओळखीच्या आकृत्या साठलेल्या असतात. तुमच्या मित्राकडे तोच साठा होता.

मामा : आणि माझ्याकडं का न्हवता?

भाची : होता. दाखवू?

थांबवलेलं चित्र

भाची : हा गेल्या आठवड्यातला सामना, मोबाइलवर घेतलेला. मी मध्येच थांबवते, तुम्ही बॉल कुठे जाईल ते सांगायचं. हं… थांबवला.

मामा : उजव्या विंगला. लांब.

भाची : कशावरून?

मामा : कशावरनं म्हणजे? दिसायलंय की.

भाची : मला तर त्याच्या पुढ्यात सहा पावलांवर मोकळा माणूस दिसतोय. त्याला का नाही देणार?

मामा : जरा मागं घे. अजून. हितं थांबव. त्याचा टेकलेला पाय बघ. बोटं उजव्या विंगकडं वळलेली हायत. जवळ द्यायचा असता तर मारायचा पाय एवढा मागनं आणला नसता. आणि आता अजून मागं घे, बॉल त्याच्याकडं यायच्या आधी. बघ, एकदा विंगकडं बघून घेतलंय. म्हणून आता तिकडं बघत न्हाई, बघायची गरजच संपली. जवळच्याकडं बघायलाय ते निस्तं समोरच्याला फसवायला.

भाची : (व्हिडिओ पुढे सोडते.) गेला. उजव्या विंगला, लांब. आता बघा, आधी तुम्ही म्हणालात ‘दिसायलंय’. खोदल्यावर तीन गोष्टी निघाल्या. टेकलेला पाय, मागं घेतलेला पाय आणि आधीच टाकलेली नजर. पेनल्टीला गोलकीपर हेच करतो. अकरा मीटरवरून जोरात मारलेला बॉल अर्ध्या सेकंदात गोलपाशी येतो. बॉल सुटल्यावर ठरवायला वेळच उरत नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी गोलकीपर नेमकं कुठे बघतात ते मोजलं. मुरलेले कीपर मारायच्या पायाकडे, टेकलेल्या पायाकडे आणि बॉलकडे जास्त बघत होते. नवखे धडाकडे, हातांकडे आणि कमरेकडे.

मामा : मग हे पोरांना सांगून टाकू? टेकलेला पाय बघा म्हणून?

भाची : सांगा, पण सांगून थोडंच होतं. मला एवढंच दाखवायचं होतं की तुम्ही जे देवावर ढकलताय ते तपासता येतं, सुटं करून बघता येतं. मग ते घडवताही येईल. नाही घडवलं तर ज्याला गांधी मैदान मिळालं तो तरला, बाकीचे शंकूभोवती फिरत राहिले.

किती वेळा बघितलं

मामा : तुमच्यात ते मान मोजायचं खूळ निघालंय म्हणं.

भाची : खूळ नाही. नॉर्वेचे गेइर यॉर्डेट यांनी त्यावर बरीच वर्षं काम केलंय. इंग्लंडमध्ये एकाच खेळाडूवर कॅमेरा रोखून अख्खा सामना दाखवायची सोय टीव्हीवर होती. त्या चित्रणावरून त्यांनी प्रीमियर लीगमधल्या ११८ खेळाडूंच्या माना मोजल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. बॉल मिळायच्या आधीच्या सेकंदांत खेळाडू बॉलवरची नजर काढून आजूबाजूला किती वेळा बघतो, एवढंच मोजायचं. सगळ्यात वर फ्रँक लॅम्पार्ड, सेकंदाला सरासरी ०.६२ वेळा. म्हणजे दहा सेकंदांत सहा वेळा. स्टीव्हन जेरार्ड त्याच्या अगदी जवळ. जास्त बघणाऱ्यांचे पास जास्त पोचत होते.

मामा : लॅम्पार्डचा बापबी मोठा खेळाडू. वेस्ट हॅमचा.

भाची : तो बाप पोराच्या सामन्याला बसला की वरून एकच शब्द ओरडायचा, असं सांगतात. ‘पिक्चर्स!’ बॉल यायच्या आधी डोक्यात चित्र तयार ठेव म्हणून.

मामा : ते झालं. पण मला सांग, लॅम्पार्ड मान फिरवतो म्हणून चांगला, का चांगला हाय म्हणून त्याला मान फिरवायला सवड मिळती? बॉल पायाला चिकटतोय ही खात्री असंल तरच माणूस डोळे वर काढंल. ज्याला बॉल कुठं उडंल तेच ठाऊक न्हाई, ते पोरगं खालीच बघणार. म्हणून आधी पाय, मग नजर. म्हणून शंकू.

भाची : पहिला मुद्दा बिनतोड आहे. यॉर्डेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. एका प्रीमियर लीग क्लबाचे २७ खेळाडू, २१ सामने, बॉल ताब्यात आल्याचे साडेनऊ हजारांवर प्रसंग. जास्त बघणं आणि पास पोचणं यांचा संबंध तिथेही दिसला, पण तो लहान होता. शिवाय अंगाला अंग लागून कुणी उभा असेल तर खेळाडू कमीच बघतो. जागा कुठली, दाब किती, यावर सगळं बदलतं. तेव्हा मानेचा आकडा म्हणजे गुणपत्रक नव्हे. पण तुमचा दुसरा मुद्दा मला पटत नाही.

मामा : कुठला?

भाची : आधी पाय, मग नजर. पहिला टच म्हणजे बॉल नुसता थांबवणं नाही, मोकळ्या बाजूला नेणं. मोकळी बाजू कुठली, ते बघितल्याशिवाय कसं ठरणार? शंकूतून शिकलेलं पोरगं बॉल छान थांबवतं आणि थांबवल्यावर मान वर करून शोधायला लागतं. तेवढ्यात समोरचा येऊन बॉल घेऊन जातो. आधीच बघून घेतलेलं पोरगं अंग अर्धं वळवून उभं राहतं, बॉल लांबच्या पायानं घेतं आणि एकाच टचमध्ये सुटतं. हा टचच वेगळा आहे. पुढे कधीतरी नजर जोडून तो तयार होत नाही.

लाल शंकू, पिवळा शंकू

मामा : बरं. आता तुझं बघू. परवा पुण्याचा व्हिडिओ दाखवलास. पोरगं बॉलची वाट बघत उभं, आणि तू त्याच्या मागं लाल न्हाईतर पिवळा शंकू वर धरून. त्यानं वळून रंग सांगायचा, मग बॉल घ्यायचा.

भाची : हो. खांद्यावरून मागे बघायची सवय लागते.

मामा : सवय कशाची लागती? मान फिरवायची. सामन्यात मागं कोण शंकू धरून उभा असतोय? जो असतोय तो पळत असतोय. आता हितं, डोळ्याचं पातं लवतंय तवर तिथं. एकदा बघून भागत न्हाई. आणि तू सांगशील तवाच मागं वळलं तर ते पोरगं कधी वळायचं ते शिकणार कधी? रंग सांगितला की शाबासकी. ह्या खेळात चुकायला जागाच न्हाई, मग ठरवायलाबी काय न्हाई.

भाची : कधी बघायचं, हा खरा प्रश्न आहे. पास देणाऱ्याच्या पायातून बॉल सुटला की पुढचा क्षणभर त्याची दिशा बदलत नाही. तेवढ्यात मागं बघून घ्यायचं. आणि तो बॉलला पाय लावायच्या बेतात असेल तेव्हा नजर बॉलवरच हवी, कारण तेव्हाच काहीही होऊ शकतं. शंकूच्या खेळात ही लय सापडत नाही, एवढं मी मान्य करते. अगदी पहिल्या आठवड्यापुरता तो ठीक आहे.

मामा : पहिल्या आठवड्यापुरता म्हणून काढलेली गोष्ट वर्षभर चालती. माझ्या शंकूंचंबी तसंच झालंय.

भाची : निदान माझा शंकू फुकट आहे. जर्मनीत बोरुसिया डॉर्टमुंडकडे ‘फुटबोनॉट’ आहे. चौकोनी पिंजरा, चारी बाजूंनी यंत्रं बॉल फेकतात, दिवा लागेल त्या चौकटीत मारायचा. होफनहाइमकडे खेळाडूभोवती वळलेला मोठा पडदा आहे.

मामा : पिंजऱ्यात दिवा लागतोय, माणूस न्हाई. दिवा फसवत न्हाई. आणि लांब कशाला जातीस? आमच्या गल्लीत एकानं पोराला मेंदूचा क्लास लावलाय. टॅबवर पळणारे ठिपके पकडायचे. म्हणं खेळातला निर्णय सुधारतोय. फी ऐकून मला घाम फुटला.

भाची : त्यांना सांगा, पैसे वाचवा. डोळ्यांच्या सर्वसाधारण व्यायामांनी खेळ सुधारतो का, हे ऑस्ट्रेलियात अ‍ॅबरनेथी आणि वुड यांनी तपासलं होतं. २००१ चा अभ्यास. सुधारत नाही, असंच निघालं. मेंदूच्या चाचण्यांचं जरा गुंतागुंतीचं आहे. स्वीडनमध्ये २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं की अशा चाचण्यांत चांगले गुण मिळवणाऱ्या खेळाडूंचे पुढच्या काळातले गोल आणि असिस्ट जास्त होते. त्यावरून बऱ्याच जणांनी दुकानं थाटली. पण पुढे जर्मनीत तरुण खेळाडूंवर झालेल्या कामात दिसलं की या क्षमता मुख्यतः वयाबरोबर वाढतात. ठिपके पकडण्यात पोरगं तरबेज झालं तर ते ठिपके पकडण्यात तरबेज झालं, एवढंच खात्रीनं सांगता येतं.

वस्ताद काय करायचे

मामा : आता माझं ऐक. आमची फुटबॉलची टीम निघाली ती कुस्तीच्या तालमीतनं. वस्ताद पोरांना जोर-बैठका मारायला लावायचे, त्यानं अंग व्हायचं. पण डाव कवा टाकायचा ते जोर मारून कळत न्हाई. त्यासाठी जोड लावून द्यायचे. कधी भारी, कधी हलकी. आणि हौद्याच्या कडंला गप बसायचे. लढत थांबली की मग दोन शब्द.

भाची : मग फुटबॉलमध्ये तुम्ही नुसत्या जोर-बैठका का काढून घेताय?

मामा : …

भाची : तुम्हाला एकट्याला बोलत नाही. इंग्लंडमध्ये २०१० च्या एका अभ्यासात दिसलं की मुलांच्या सरावातला सुमारे ६५ टक्के वेळ असल्याच ड्रिल आणि व्यायामात जातो. खऱ्या खेळासारखं काही करायला उरतो ३५ टक्के. तेही फुटबॉलच्या माहेरघरात.

मामा : आणि गल्लीतलं? ते कुणी मोजलं काय?

भाची : मोजलंय, आणि ते तुमच्या बाजूचं आहे. आंद्रे रोका, विल्यम्स आणि फोर्ड यांनी २०१२ मध्ये अंदाज बांधण्यात आणि निर्णय घेण्यात सरस ठरलेल्या खेळाडूंचं बालपण तपासलं. त्यांना इतरांपासून वेगळं काढणारी सगळ्यात ठळक गोष्ट म्हणजे लहानपणी आपल्या मनानं फुटबॉल खेळण्यात गेलेले तास. प्रशिक्षकाशिवाय, पोरापोरांत.

मामा : हे आधी सांगायचं सोडून शंकू दाखवत बसलीस.

भाची : आधी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, मग अकादमी कशाला? आणि त्याचं उत्तर असं की गल्ली आता उरली कुठे? तुमच्या दारातच चार गाड्या लागलेल्या आहेत. शाळा, ट्यूशन आणि मोबाइल यातून पोरगं तुमच्याकडे आठवड्याला चार-पाच तास येतं. तेवढ्यात गल्ली भरून काढायची असेल तर ती मुद्दाम मांडावी लागते.

मामा : कशी मांडतीस, सांग.

भाची : चारास चार, लहान मैदान. प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन छोटे गोल, दोन टोकांना. एका गोलसमोर गर्दी झाली की दुसरा मोकळा असतो. ‘मान वर कर’ म्हणायची गरजच पडत नाही. वर केली नाही तर गोल होत नाही. किंवा रोंडो. चौघे कडेनं, दोघे मध्ये, मधल्यांनी बॉल काढून घ्यायचा. बार्सिलोनाच्या ला मासिया अकादमीतली मुलं लहानपणापासून हा खेळतात. तोही खेळताना मी बघते की पोरगं मधल्या दोघांच्या फटीतून पलीकडे पास देतं का, की नुसतं शेजाऱ्याला देऊन मोकळं होतं. फटीतून द्यायचं तर दोघे कुठे सरकताहेत ते बॉल यायच्या आधीच बघितलेलं असावं लागतं.

मामा : त्यात दोन गोष्टी घाल. एक, पाठीवर घालायची ती रंगीत जाळीची बनियनं काढून टाक, कधी कधी तरी. आपला कोण, परका कोण, ते तोंड बघून ओळखू दे. दुसरं, त्याच मैदानात आडवी दुसरी मॅच लाव.

भाची : एकमेकांवर आदळतील.

मामा : बघत खेळली तर न्हाई आदळणार. आम्ही कुठं मेलो?

भाची : दुसरी मॅच लावेन. पण मोठी पोरं वेगळी ठेवूनच. आणि तुम्ही एक सोडायचं. परवा सामन्यात तुम्ही कडेवरून अखंड ओरडत होता. ‘डावीकडं! मागं! मार!’ तुम्ही ‘डावीकडं’ म्हणालात की निर्णय तुमचा झाला. पोरगं खेळ वाचायचं सोडून तुमचा आवाज ऐकायला शिकतं. मोठेपणी शाहू स्टेडियममध्ये हजारो माणसं ओरडत असताना तुमचा आवाज त्याला येणार आहे का?

मामा : पोरगं मोकळ्या माणसाला सोडून तिघांच्यात घुसायलंय, आणि मी गप बसू?

भाची : तेव्हा गप्प बसा. थांबल्यावर विचारा, ‘तुला काय दिसलं?’

मामा : ‘काय न्हाई दिसलं, सर’ म्हणंल.

भाची : पहिल्यांदा तसंच म्हणेल, मार बसेल या भीतीनं. आठ दिवसांनी म्हणेल, ‘डावीकडचा दिसला, पण तो ऑफसाइडला होता.’ आणि कधी कधी ते बरोबरही असेल. कडेवरून तुम्हाला वेगळं दिसतं, आतून त्याला वेगळं.

निवड

मामा : हे सगळं झालं. उद्या माझ्यापुढं दोन पोरं हायत, जागा एक. एक थोराड हाय, पळतोय जोरात, बॉल घेऊन सुटला की तिघं मागं पडत्यात. दुसरा बारका. धक्का लागला की पडतोय. पण बॉल यायच्या आधी त्याला सगळं ठाऊक असतंय. स्पर्धा जिंकायची तर थोराड. माझं मन बारक्याकडं वढतंय. तुझं शास्त्र काय म्हणतं?

भाची : आधी दोघांच्या जन्मतारखा बघा. वयोगट १ जानेवारीपासून धरतात. जानेवारीतलं पोरगं आणि डिसेंबरातलं पोरगं एकाच गटात, पण मध्ये जवळजवळ वर्षाचा फरक. बाराव्या वर्षी हा फरक म्हणजे उंचीत आणि ताकदीत केवढं अंतर! युरोपातल्या दहा देशांच्या युवा संघांचा अभ्यास २००५ मध्ये झाला. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी सगळीकडे दिसली. जो आधी वाढला त्यालाच आपण गुणी समजतो.

मामा : युरोपातल्या तारखा खऱ्या असत्यात गं. आपल्याकडं माझ्या पिढीत निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला. मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेला.

भाची : म्हणून तर उंचीवर भिस्त ठेवायची नाही. आपल्या क्रीडा प्रबोधिनीची बॅटरी टेस्ट घ्या. उंची, वजन, ३० मीटर धावणं, उडी, मेडिसिन बॉल फेकणं. सगळं शरीर मोजलं जातं. त्यात खेळ बघण्याची चाचणी कुठे आहे?

मामा : त्या प्रबोधिनीतनंच आपला अनिकेत जाधव पुढं गेला. २०१७ ला १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपात भारताकडनं खेळला. कोल्हापूरचं पोरगं. टेस्ट वाईट कशी म्हणतीस?

भाची : वाईट म्हणत नाही. कुठला खेळ द्यायचा तेच ठरलेलं नसतं, अशा वयाच्या मुलांसाठी ती चाचणी ठीक आहे. अनिकेत त्यातून गेला ही आनंदाची गोष्ट. पण त्याच चाळणीत अडकून राहिलेला, हळू वाढणारा, शहाणा मिडफिल्डर कोण होता, ते आपल्याला कधीच कळत नाही. गळालेल्याची नोंद कुठे राहत नाही. बार्सिलोनाचा मिडफिल्डर चावी (Xavi), त्याची उंची १७० सेंटिमीटर. त्याला बाराव्या वर्षी मेडिसिन बॉल फेकायला लावला असता तर?

मामा : म्हणजे बारका घेऊ.

भाची : असं मी म्हणाले नाही. बारका आहे म्हणूनही घ्यायचं नाही. तो आधी बघतो, हे तुमचं मत आहे. मला ते तपासायचंय. दोघांना दोन-गोलांच्या खेळात खेळवा आणि एकच गोष्ट लिहा. पास पोचला की नाही, हे बाजूला ठेवा. कल्पना बरोबर होती का? मुलांचे पाय दुबळे असतात. योग्य जागी बघून मारलेला पास अर्ध्यात मरतो आणि आपण म्हणतो, चुकला. उलट डोळे मिटून मारलेला बॉल नशिबानं आपल्या माणसाला लागतो, आपण टाळ्या वाजवतो.

मामा : म्हणजे डाव बरोबर पण पाय चुकला, त्याला मार्क द्यायचे. पाय बरोबर पण डावच न्हाई, त्याला न्हाई द्यायचे.

भाची : बरोबर. पाय तुम्ही सुधाराल. आणि थोराडाला टाकू नका. त्याला वर्षभर मोठ्या वयाच्या मुलांत खेळवा. तिथे त्याची ताकद चालणार नाही, मग तोही बघायला लागेल.

मामा : आणि ह्या वर्षीची ढाल? तालमीत काय सांगू? बारक्या पोरांवर फायनल हरलो म्हणून?

भाची : हो, तेच सांगा. हा भाग शास्त्रात बसत नाही, मामा. तो तुमच्या हिमतीचा आहे.

मामा : सोपं न्हाई ते. पेठेत ऱ्हायचंय मला. तू उद्या पुण्याला जाशील.

भाची : जाईन. आणि तिथे माझी अडचण दुसरी आहे. आमच्याकडे शेकडो मुलं आणि त्यांना शिकवणारी पंचविशीतली पोरं. त्यातले बरेच जण मोठ्या दर्जाचं खेळलेलेच नाहीत. टेकलेल्या पायाची बोटं त्यांना दिसत नाहीत. म्हणून मी मोजते. ज्याच्याकडे मामाची नजर नाही, त्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. तुम्ही एकदा येऊन बसा. मी व्हिडिओ थांबवेन. तुम्हाला काय दिसतंय आणि कशावरून, ते मोठ्यानं सांगा.

मामा : येतो. पण एका अटीवर. तुझ्या त्या शिकवणाऱ्या पोरांनी सामन्यात तोंड उघडायचं न्हाई. मी न्हाई, तर तेबी न्हाई.

भाची : पहिला हाफ तरी?

मामा : आख्खी मॅच.

भाची : पालक विचारतील, प्रशिक्षक गप्प बसलाय, मग फी कसली घेताय?

मामा : मग पालकांनाबी बसव त्या व्हिडिओपुढं. चित्र थांबव आणि विचार, आता बॉल कुठं जाणार. ज्याला सांगता आलं त्यानं कडेवरनं खुशाल ओरडावं.